रांजणवाडी आणि घरचा शेक



रांजणवाडी हा इतका क्षुल्लक विकार समजला जातो, की नेत्ररोगांवरील व्याख्यानांत तिला क्वचितच स्थान मिळते. मोतीबिंदू, काचबिंदू, 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व यांच्यापुढे पापणीच्या कडेवर उठणाऱ्या एका पुटकुळीची काय मातब्बरी? तिच्यामुळे सहसा कोणी आंधळे होत नाही. बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत ती आपोआप नाहीशीही होते. परंतु नेमक्या याच कारणामुळे ती वैद्याकडे न जाता घरातच राहते, आणि घरात तिच्यावर जे काही केले जाते त्याने मात्र क्वचित डोळा धोक्यात येतो. म्हणून रांजणवाडीचा विचार म्हणजे मुख्यतः घरगुती उपायांचा विचार होय. त्यांतला कोणता उपाय राखावा, कोणता टाकावा आणि घरचे उपाय कोठे थांबवावेत, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रसंग कोणत्याही घरातला असू शकतो. शाळेत जाणारा मुलगा सकाळी उठतो तो वरची पापणी जड झालेली, कड लालसर, आणि एका विशिष्ट ठिकाणी बोट लागताच कळ येते. दुपारपर्यंत तेथे मुगाएवढा फुगवटा दिसू लागतो. आजी तर्जनी तळहातावर घासून गरम करते आणि त्या जागी टेकवते. शेजारीण लवंग उगाळून लावायला सांगते. मुलाचे वडील कपाटातून मागच्या वर्षी डोळे आले होते तेव्हाची उरलेली थेंबांची बाटली काढतात. थोरली बहीण म्हणते की वर पिवळा ठिपका दिसतोच आहे, जरा दाबले की मोकळे होईल. चारही माणसांना मुलाविषयी सारखाच कळवळा आहे. त्यांतल्या एकीचा उपाय निरुपद्रवी आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. दुसरा डोळ्याला झोंबणारा आहे, तिसरा फसवा आहे आणि चौथा खरोखर धोक्याचा आहे. दुर्दैवाने कळवळ्याकडे पाहून यांतला फरक ओळखता येत नाही.

या विकाराला भारतीय भाषांत जी नावे आहेत ती मोठी बोलकी आहेत. गुजरातीत तिला 'आंजणी' म्हणतात, बंगालीत 'आंजनी', हिंदीत 'गुहेरी' किंवा 'बिलनी' आणि कोठे कोठे 'अंजनहारी'. तमिळमधील 'कण्कट्टि' आणि मलयाळममधील 'कण्कुरु' या शब्दांचा अर्थ सरळसरळ डोळ्यावरची गाठ किंवा पुटकुळी असा होतो. आंजणी, आंजनी या नावांमागे मात्र एक जुना संस्कृत शब्द उभा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे एकवीस विकार सांगितले आहेत, आणि त्यांत 'अंजननामिका' या नावाच्या विकाराचे वर्णन येते. पापणीवर उठणारी, जळजळणारी, टोचल्यासारखे दुखणारी, तांबूस, मऊ आणि लहान अशी ती पुटकुळी. काजळ जेथे घालतात त्या कडेशी तिचा संबंध असल्याने हे नाव अन्वर्थक वाटते. ज्या स्त्रियांनी सुश्रुताचे नावही ऐकलेले नाही त्यांच्या तोंडी अहमदाबादेपासून कोलकात्यापर्यंत तो शब्द थोड्याफार फरकाने आजही जिवंत आहे.

पश्चिमेकडे तिची तुलना धान्याशी झाली. ग्रीक, लॅटिन आणि जर्मन या तिन्ही भाषांत रांजणवाडीला दिलेले नाव जवाच्या दाण्यावरून आलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार केल्सस याने तिचा उल्लेख केला असून, तिच्यावर गरम पाव अथवा वारंवार ऊन केलेले मेण ठेवावे, मात्र ती उष्णता त्या नाजूक जागेला सहज सोसेल इतकीच असावी, असे तो सांगतो. सुश्रुताच्या उपचारातही पहिली पायरी स्वेदनाची, म्हणजे शेकाची आहे. तेथे पुढे, पुटकुळी फुटल्यावर ती वैद्याने पिळून मनःशिळा, वेलदोडा, तगर आणि सैंधव यांचे चूर्ण मधातून लावावे असे सांगितले आहे. मनःशिळेत सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य असते, तेव्हा तो भाग आज कोणी अनुसरू नये हे उघड आहे. शेकाची गोष्ट मात्र निराळी. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन परंपरांनी तीच पहिली सांगितली, आणि आजचा नेत्रवैद्यही प्रथम तीच सांगतो.

शेक का उपयोगी पडतो हे समजण्यासाठी पापणीची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. पापणीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी अतिसूक्ष्म स्नेहग्रंथी असतात आणि त्यांच्या शेजारी एका विशेष प्रकारच्या स्वेदग्रंथी. त्याखेरीज पापणीच्या आतील कडक पट्टीत उभ्या रांगेने बसवलेल्या अधिक लांब ग्रंथी असतात. वरच्या पापणीत त्यांची संख्या साधारण तीसएक असते, खालच्या पापणीत काहीशी कमी. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिख मायबोम याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमी ग्रंथी या नावाने ओळखल्या जातात. त्यांतून पाझरणारा तेलकट स्राव अश्रूंच्या थरावर पसरतो आणि डोळ्यातील ओल लवकर उडून जाऊ देत नाही. या ग्रंथींपैकी एखादीचे तोंड बुजले आणि त्वचेवर नेहमीच वास करणाऱ्या जिवाणूंनी आत ठाण मांडले, म्हणजे तेथे पू धरतो. हे जिवाणू बहुधा पुंजगोलाणू जातीचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात. केसाच्या मुळाशी पू धरला तर ती बाहेरची रांजणवाडी. मायबोमी ग्रंथीत धरला तर ती आतली. आतली अधिक दुखते, उशिरा पिकते आणि पुष्कळदा पापणीच्या आतल्या बाजूस फुटते.

तुंबलेल्या ग्रंथीतील स्निग्ध पदार्थ थिजलेल्या तुपासारखा घट्ट झालेला असतो. ऊब लागली की तो सैल होतो, बुजलेले तोंड मोकळे होण्यास मदत होते, शिवाय त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो आणि दुखणेही हलके होते. शेकाचे काम एवढेच, बाकीचे शरीर स्वतः करते. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आतल्या रांजणवाडीवर शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या उपचारांचा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने जो आढावा घेतला, आणि जो २०१७ साली अद्ययावत करण्यात आला, त्यात निकषांना उतरेल अशी एकही तौलनिक चाचणी आढळली नाही. म्हणजे शेकाची शिफारस जगभर होते ती दीर्घ अनुभवावर आणि शरीररचनेच्या ज्ञानावर, मोजून-मापून घेतलेल्या चाचण्यांवर नव्हे. आपोआप बऱ्या होणाऱ्या विकाराच्या बाबतीत हे ध्यानात ठेवणे फार अगत्याचे आहे. कारण आठव्या दिवशी रांजणवाडी ओसरते तेव्हा सातव्या दिवशी जे काही लावलेले असते त्याला सारे श्रेय मिळते. लवंग, खारकेची बी, चिंचोका, सोन्याची अंगठी यांची कीर्ती बहुतांशी अशा रीतीने वाढलेली आहे.

आता शेकाची रीत. ही गोष्ट साधी असली तरी बहुतेक घरांत अर्धवट केली जाते, म्हणून जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

प्रथम हात साबणाने धुवावेत. डोळ्यात काजळ असेल तर ते पुसून घ्यावे, स्पर्शभिंगे असतील तर काढून ठेवावीत आणि पापणी पूर्ण बरी होईपर्यंत ती पुन्हा घालू नयेत. जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा, धोतराचा किंवा पंचाचा, तळहाताएवढा तुकडा घेऊन त्याची चौघडी करावी. पाणी उकळून थोडे निवू द्यावे. कापड त्यात भिजवून पिळावे आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. तेथे सुखद वाटेल, चटका बसणार नाही, इतकीच ऊब असावी. पापणीची त्वचा सबंध शरीरात सर्वांत पातळ असते. हाताच्या घट्ट्यांना जे कोमट वाटते ते तिला पोळू शकते. मूल असेल तर त्याच्याच मनगटावर पाहावे आणि त्यालाच विचारावे.

डोळा मिटवून कापड पापणीवर हलकेच ठेवावे, दाबू नये. ओले कापड मिनिट-दीड मिनिटात निवते. येथेच बहुतेकांची चूक होते. निवलेले कापड डोळ्यावर तसेच राहते आणि दहा मिनिटे शेकले असे समाधान मात्र मिळते. कापड पुनःपुन्हा ऊन पाण्यात बुडवून, अशी एकूण दहा मिनिटे खरी ऊब मिळाली पाहिजे, आणि तीही दिवसातून तीन-चार वेळा. शेकानंतर स्वच्छ बोटाने, वरची पापणी असेल तर वरून खाली आणि खालची असेल तर खालून वर, केसांच्या दिशेने अगदी हलका हात फिरवण्यास हरकत नाही. दुखत असेल तर तेही करू नये. कडेवर खपली धरली असल्यास उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून ती पुसावी. एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावू नये. शेकाचे कापड प्रत्येक वेळी उकळून उन्हात वाळवावे, आणि ज्याचे त्याने वेगळे ठेवावे.

पाण्यात बोरिक पावडर घालावी काय, असे पुष्कळ जण विचारतात. जुन्या पिढीत बोरिकचा शेक सर्वत्र रूढ होता. पण गुण येतो तो ऊबेचा, भुकटीचा नव्हे. साधे पाणी पुरे. घोटलेल्या बोटाचा किंवा पदराचा बोळा करून त्यात तोंडाची वाफ भरून डोळ्यावर टेकवण्याचा जो प्रघात देशभर दिसतो, त्यातही कल्पना ऊबेचीच आहे. परंतु ती ऊब काही क्षण टिकते, आणि वाफेबरोबर तोंडातले जंतूही कापडावर येतात. आजीचे बोट धुतलेले असेल तर त्याने अपाय होत नाही. मुलाला बरे वाटते ते बहुधा तिच्या जवळ बसण्यानेच. उलट अलीकडच्या घरांत मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले ओले फडके, गरम उकडलेले अंडे अथवा बटाटा डोळ्यावर ठेवण्याची पद्धत आली आहे, ती मात्र टाळलेली बरी. या वस्तू बाहेरून बेताच्या ऊन लागतात आणि आत कढत असतात. त्यांनी पापणी भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद झालेली आहेत.

उगाळून लावायच्या औषधांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. लवंगेतील तेल त्वचेला झोंबते आणि डोळ्यात उतरले तर आग होते. लसणाचा रस कोवळी त्वचा जाळतो. खारकेची बी स्वतः निरुपद्रवी असली, तरी जिच्यावर ती उगाळली जाते ती सहाण निर्जंतुक नसते. मुद्दा असा, की रांजणवाडी पापणीवर असली तरी लेप ओघळतो डोळ्यात, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला लहानसा ओरखडा असेल तर तेथे जंतू शिरून व्रण होऊ शकतो. मदुराईच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात अशा व्रणांच्या रुग्णांची पाहणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील पुष्कळांनी रुग्णालयात येण्यापूर्वी डोळ्यात काही ना काही घरगुती औषध घातलेले होते. ते रुग्ण रांजणवाडीचे नव्हते हे खरे. पण डोळ्यात घातलेला पदार्थ कोणत्या विकारासाठी घातला, याचा विचार पारदर्शक पडदा करीत नाही.

काजळाच्या डबीचीही गोष्ट येथेच आली. एकच डबी, तिच्यात फिरणारे घरातील चौघींचे बोट आणि तेच बोट तान्ह्या मुलाच्या डोळ्यात, हा जिवाणूंच्या प्रवासाचा सरळ मार्ग आहे. एखाद्या घरात एकापाठोपाठ एक रांजणवाड्या होऊ लागल्या, तर दृष्ट काढण्याआधी ती डबी फेकून द्यावी. बाजारातील काही सुरम्यांत शिसे असते, हा आणखी वेगळाच दोष.

कपाटातील उरलेल्या बाटलीचा प्रश्न याहून गंभीर आहे. साध्या रांजणवाडीला प्रतिजैविक थेंबांची सहसा गरज नसते. पू बंद ग्रंथीत असतो आणि थेंब डोळ्याच्या पृष्ठभागावरून वाहून जातात. पापणीची कड सुजली असेल किंवा रांजणवाडी फुटून वाहत असेल तर वैद्य मलम देतो, तो त्याचा निर्णय. पण घरात उरलेल्या किंवा दुकानदाराने सहज काढून दिलेल्या बाटलीत पुष्कळदा प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन उतरते आणि लोक खूश होतात. तेच औषध मनाने दीर्घकाळ वापरले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि व्रण असलाच तर तो झपाट्याने चिघळतो. शिवाय उघडलेली बाटली साधारण महिन्याभरानंतर वापरू नये, मग तिच्यावरची मुदत काहीही असो.

राहता राहिले दाबणे. पिवळे तोंड दिसू लागले की हात शिवशिवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु बंद ग्रंथी बाहेरून दाबली असता पू नेहमी बाहेरच येतो असे नाही. तो आतल्या सैल ऊतकातही पसरतो, आणि सबंध पापणी सुजून डोळा मिटतो. पापणीच्या नीलांचा संबंध डोळ्याच्या खोबणीतील नीलांशी आणि त्यांच्यामार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या नीलाकोशाशी पोहोचतो. जंतू तेथवर जाणे अत्यंत दुर्मीळ. पण तसे झाले तर प्राणावर बेतते, आणि ज्या गोष्टीसाठी हे साहस करायचे ती दोन-तीन दिवसांत शेकाने आपोआप घडणार असते. सुई टोचणे, केस उपटणे हेही घरी करू नये. आवश्यक वाटल्यास वैद्य निर्जंतुक चिमट्याने केस काढतो किंवा लहानशी चीर देतो. ते काही मिनिटांचे काम असते.

घरचे उपचार कोठे थांबवावेत, याविषयी घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात संदेह राहू नये. सूज पापणीच्या कडेपुरती न राहता गालाकडे वा भुवईकडे पसरू लागली, ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागले, तो पुढे आल्यासारखा वाटला, दिसणे कमी झाले किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्र असेल तर रात्री. लहान मुलांत हे अधिक वेगाने घडते. अशी कोणतीही लक्षणे नसली तरी दोन दिवस नीट शेकूनही दुखणे वाढतच असेल, तर दाखवून घ्यावे.

काही वेळा दुखणे थांबते, लाली जाते, पण एक टणक, न दुखणारी गाठ मागे उरते. ती रांजणवाडी नव्हे. तुंबलेल्या ग्रंथीतील स्निग्ध पदार्थाभोवती शरीराने उभारलेली ती गाठ असते आणि तिच्यात बहुधा जंतू नसतात. तीही शेकाने काही आठवड्यांत विरते. मोठी असेल तर बुबुळावर दाब पडून दृष्टी अंधुक होऊ शकते, आणि मग ती छेद घेऊन काढतात.

ज्याला पुनःपुन्हा रांजणवाडी होते त्याच्या बाबतीत पापणीच्या पलीकडे पाहावे लागते. पापणीच्या कडेला कोंडा साचणे हे सर्वांत सामान्य कारण. ती कड रोज स्वच्छ केल्याने पुष्कळांचा त्रास थांबतो. डोळे सतत चोळणाऱ्या मुलाला चष्म्याची गरज आहे काय, हे तपासावे. प्रौढ माणसाची लघवी आणि रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाची पहिली सूचना कधी कधी या क्षुल्लक पुटकुळीतून मिळते.

आणि साठी उलटलेल्या माणसाच्या पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, एकदा काढूनही परतली असेल, तेथले केस झडले असतील किंवा कडेचा आकार बिघडला असेल, तर तिला रांजणवाडी म्हणून महिनोन् महिने शेकत बसू नये. स्नेहग्रंथीचा कर्करोग याच वेषात येतो. पाश्चात्त्य देशांत तो विरळा, पण भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण बरेच मोठे आहे. आरंभी त्यात वेदना नसते, म्हणून रुग्णही निर्धास्त असतो आणि घरचेही. अशा गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे हाच निदानाचा मार्ग असून, ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते.